दुसरा तीळ

त्या दुकानात येणारी प्रत्येक आई एकच सांगायची, "फोटो लग्नासाठी आहे हो, जरा सांभाळून घ्या." आणि फोटोवाला सांभाळून घ्यायचा. चेहऱ्याची बरी बाजू उचलायची आणि उलटी करून दुसरीकडे बसवायची. दोन्ही गाल सारखे, दोन्ही डोळे एका रेषेत. माणसाचा चेहरा पट्टी लावून आखलेला असतो का, हे कुणी विचारायचं नाही.

त्याच्या लेकीचा डावा जबडा जन्मापासून आत होता. लहानपणापासून तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं की तो म्हणायचा, "मान जरा डावीकडे, बाळ." लग्नासाठीचा तिचा फोटोही त्याने तसाच जुळवला आणि तिला न दाखवता स्थळाकडे धाडला. लगेच पसंती आली. आज मंडळी घरी आली होती. उजवा गालच समोर यावा अशी त्याने तिची खुर्ची ठेवली होती.

मुलाच्या आत्याने चहा संपवला आणि पर्समधून फोटो काढला.

"जरा इकडे वळ गं."

ती वळली. आत्या एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली.

"फोटोत दोन्ही गालांवर तीळ आहे. इथे एकच दिसतोय. दुसरा कुठे गेला?"

बापाने वाकून फोटो पाहिला. परक्या पोरींचे असे जास्तीचे तीळ तो आठवणीने पुसायचा. घरच्या पोरीचं काम मात्र त्याने मान खाली घालून घाईत उरकलं होतं, कारण त्याची त्यालाच लाज वाटत होती.

"असू दे," आत्या तिचा डावा जबडा निरखत म्हणाली. "जबडा सरळ करणारे डॉक्टर असतात. लग्नाआधी करून घ्या, मग आमची ना नाही." मुलगा बशीतल्या बिस्किटाकडे बघत बसला होता.

"हाड कापतात ना त्यात?" दारातून मुलीच्या आईने विचारलं.

"करून घेऊ," बाप घाईने म्हणाला.

"बाबा, मला जेवता येतं, बोलता येतं, काही दुखत नाही. मग कापायचं कुणासाठी?" लेक म्हणाली. ती आत्याकडे वळली. "तो दुसरा तीळ जिचा आहे ना, तिला शोधा. ती या घरात राहत नाही."

"एवढी जीभ असेल तर बसा मग पोरीला सांभाळत," म्हणत आत्या उठली. तिच्यामागे मुलगाही उठला.

"तुझं भलंच बघत होतो गं," बाप पुटपुटला.

"माझ्याकडे कधी बघितलंत?"

लेक खाली दुकानात गेली आणि दिवे लावून स्टुलावर बसली. तो मागोमाग आला, कॅमेऱ्याशी उभा राहिला.

"मान जरा..." सवयीने बोलून गेला आणि थांबला.

"कुठे ठेवू?"

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट, समोरून पाहिलं. डोळे भरून आले.

"आहे तिथेच राहू दे," तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.