गुरुवारचे मासे

"अस्मिता, तुझे मासे फारच आज्ञाधारक आहेत," आगटे सर म्हणाले. "घरी शहाण्यासारखे वागतात आणि पाहुण्यांकडे गेले की गोंधळतात. मुलांचं असं झालं तर आपण काय म्हणतो?"

मी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं.

"पढवलेली मुलं म्हणतो."

सरांनी आवाज चढवला नव्हता. ते कधीच चढवत नाहीत. समोरच्या दोन कागदांवर दोन आलेख होते. एक माझ्या माशांच्या हृदयाचा, एक माझ्या मैत्रिणीच्या, नम्रताच्या. माझा आलेख गुळगुळीत होता आणि तिचा खडबडीत, आणि अडचण तीच होती.

मी पेठेतल्या एका जुन्या कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात, सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की माशाचं हृदय काय करतं, हा माझा विषय. रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, एका बंद पेटीत ठेवायची, पेटीतल्या पाण्यातला ऑक्सिजन हळूहळू उतरवायचा आणि कातडीखाली सरकवलेल्या केसासारख्या दोन तारांमधून हृदयाचे ठोके कॉम्प्युटरवर बघायचे.

माणसाला हवा कमी पडली की हृदय धावायला लागतं. माशाचं उलटं होतं. ठोके मंदावतात, कधी कधी निम्म्यावर येतात. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मासा मेला असं समजून पेटी उघडली होती. तो मरत नव्हता, काटकसर करत होता. सील खोल बुडी मारताना हेच करतो. बेडूक गारठ्यात चिखलात पडून हेच करतो. आपणही थंडगार पाण्यात तोंड बुडवलं तर आपलं हृदय थोडंसं मंदावतं; ती जुनी सवय आपल्यातून पूर्ण गेलेली नाही. खरी परीक्षा असते ती ऑक्सिजन परत आल्यावर. बहुतेक माशांचं हृदय त्या वेळी अडखळतं. एक ठोका लवकर, एक उशिरा, एखादा गायबच. माझ्या माशांचं अडखळत नव्हतं. मंदावायचं, थांबून थांबून चालायचं आणि ऑक्सिजन आला की पुन्हा पहिल्यासारखं. असं का, हे मला माहीत नव्हतं, पण होत होतं खरं.

सरांचा नियम असा, की कुठलाही निकाल बाहेर पाठवण्याआधी तो दुसऱ्याच्या हातून काढून बघायचा. म्हणून त्यांनी माझा प्रयोग नम्रताला करायला सांगितला होता. नम्रता माझ्याबरोबर एम.एस्सी.ला होती. यवतमाळची. ती आता हडपसरच्या एका नव्या कंपनीत होती. पूर्वी उसाचं शेत होतं तिथे काचेची इमारत झाली होती. वरचे सगळे मजले सॉफ्टवेअरवाल्यांचे, आणि तळमजल्यावर औषधं माशांवर तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा. तिच्याकडे गेलेली बोटुकली माझ्याच खेपेतली, म्हणजे एकाच दिवशी एकाच मत्स्यबीज केंद्रातून आणलेली. तारा त्याच, पेटी तशीच. पण तिचे सगळे मासे अडखळले.

"सोमवारी परिषदेला निबंध पाठवायचा आहे," सर म्हणाले. "तोपर्यंत फरकाचं कारण सांग. नाही सापडलं तर हे आकडे मी वापरणार नाही. मग तुला दुसरा विषय शोधावा लागेल. आणि बहुधा दुसरे सर."

"सर, मी आकडे बनवलेले नाहीत."

"बनवलेस असं मी म्हटलं का?"

"नाही."

"मग झालं तर."

तो बुधवार होता. घरी आले तेव्हा आई इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. तिने ऐकता ऐकता बाबांच्या शर्टाची कॉलर पूर्ण केली.

"मग केलेस का बनवून?"

"आई."

"विचारते आपली. शाळेत गणित सुटलं नाही तर तू पेपर कोरा ठेवून यायचीस. शेजारच्या मुलीचं बघ म्हटलं तरी बघायची नाहीस. तू कसली बनवतेस." तिने शर्ट घडी करून ठेवला. "खोबरं तेवढं मिक्सरमधून काढून ठेव. उद्या गुरुवार."

मी खोबरं वाटलं, चटणी केली, आणि वाटताना ठरवलं की उद्या हडपसरला जायचं. गुरुवारी कॉलेजात कोणीच नसायचं. दुरुस्तीसाठी सकाळपासून दुपार कलेपर्यंत आमच्या भागातली वीज बंद, त्यामुळे त्या दिवशी प्रात्यक्षिकं ठेवायची नाहीत ही विभागाची जुनी पद्धत. सर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचे, मी घरी वाचत बसायचे. एरवी वाया जाणारा दिवस कामी येईल असं वाटलं.

नम्रताने मला काचेच्या दारातच गाठलं. "ये ना. चेहरा काहून असा करून ठेवला? मासे माझे अडखळले, तुझे नाही."

"म्हणूनच."

आम्ही एकेक गोष्ट तपासायला घेतली. पाण्याचं तापमान, क्षार, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवण्याची पद्धत, खाद्य, टाकीतली गर्दी, माशांची लांबी, तारा सरकवण्याची जागा. तिने एक मासा माझ्यासमोर पेटीत ठेवला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. मासा मंदावला, ऑक्सिजन परत आला आणि पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झाली. कुठेही, काहीही चुकलेलं नव्हतं.

"माझं चुकलं असेल तर सांग," ती म्हणाली. "मला राग नाही येत."

"तुझं चुकलं असतं तर बरं झालं असतं."

"हे चांगलं आहे तुम्हा पुणेकरांचं. पाहुणचार म्हणून मैत्रिणीने चूक करायची."

मला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडूही येईल असं वाटलं, म्हणून मी तिच्या टाकीकडे बघत बसले. टाकीच्या तळाशी एक सच्छिद्र दगड होता आणि पंपाची हवा त्यातून बुडबुड्यांची माळ होऊन वर येत होती. तेवढ्यात ट्यूबलाइट क्षणभर मिटून पुन्हा लागल्या. कॉम्प्युटरखालच्या बॅटरीच्या डब्याने एकदा चिवचिवाट केला. बुडबुड्यांची माळ मात्र तुटली नाही.

"काय झालं?"

"लाइट गेली. जनरेटर आला. आज गुरुवार आहे ना, आमच्याकडे जरा उशिरा जाते."

"पंप बंद नाही पडला."

"कसा पडेल? वर सॉफ्टवेअरवाले बसले आहेत. त्यांची लाइट मिनिटभर गेली तर अमेरिकेतून फोन येतो. त्यांच्या पुण्याईने माझे मासेही श्वास घेऊन राहिले."

मी बुडबुड्यांकडे बघत होते.

"आमच्याकडे जनरेटर नाही," मी म्हणाले.

"मग गुरुवारी तुझे मासे काय करतात?"

"मला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. वर्षभर मी त्या माशांना जवळजवळ रोज बघत होते. बुधवारी संध्याकाळी ते ठीक असायचे, शुक्रवारी सकाळी ठीक असायचे. शुक्रवारी कधी एखादं पिल्लू मेलेलं सापडायचं, ते आम्ही टाकीतल्या गर्दीवर ढकलायचो. गुरुवारी त्यांना कोणीच पाहिलेलं नव्हतं.

नम्रताने माझ्याकडे पाहिलं. "उभी काय राहिली? जा. रिक्षा कर, बसची वाट नको बघू."

कॉलेजच्या फाटकाशी रंगराव पेपर वाचत बसले होते. आमच्या विभागाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात.

"मॅडम, आज गुरुवार," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"लाइट नाही."

"तेच बघायला आले आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, पण किल्ली दिली.

खोलीत शिरल्यावर आधी शांतता जाणवली. त्या खोलीला पंपाची घरघर असते आणि ती ऐकू येते हे ती थांबल्यावरच कळलं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात मी टाकीपाशी गेले. एरवी टाकीभर विखुरलेली बोटुकली पाण्याच्या वरच्या थराला चिकटून होती. तोंडं वर, उघडी. कल्ले खोल आणि सावकाश हलत होते. कोणी इकडेतिकडे पळत नव्हतं. शेपटीही जेवढ्यास तेवढीच हलत होती. एवढ्या काटकसरीने राहणं त्यांना कोणी शिकवलं होतं?

पण दिसणं म्हणजे पुरावा नव्हे. ऑक्सिजन मोजायचं यंत्र विजेवर चालणारं, म्हणून मी जुन्या पद्धतीकडे गेले, जी आम्ही बी.एस्सी.च्या मुलांना कंटाळा येईपर्यंत करायला लावतो. टाकीतलं पाणी एका बाटलीत हवेचा एकही बुडबुडा न अडकवता भरायचं, त्यात दोन रसायनं सोडायची, बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर पांढरा.

बाटली टेबलावर ठेवली तेव्हा माझी नाडी कानात वाजत होती. माझं हृदय धावत होतं, माझ्यासमोरची सगळी मंद चालली होती. तपकिरी आला तर सोमवारी माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरणार नव्हतं. बाटलीत ढगासारखं काहीतरी दाटलं, हळूहळू खाली बसू लागलं. पांढरं होतं. मी खिडकीशी नेऊन पाहिलं. तिथेही पांढरंच होतं.

मी स्टुलावर बसले.

मग ऑफिसातल्या फोनवरून सरांच्या घरी फोन लावून टाकीचं आणि बाटलीचं सांगितलं. ते नुकतेच जेवायला आले होते. "ते बघायला मी यायलाच हवं का?" त्यांनी विचारलं, आणि जेवण टाकून स्कूटरवरून आले.

त्यांनी आधी टाकी पाहिली, मग बाटली, मग पुन्हा टाकी. चष्मा काढून पुसला.

"हे असं दर गुरुवारी होतं?"

"मला आजचंच माहीत आहे, सर."

सर पहिल्यांदाच हसले. "हे उत्तर चांगलं आहे." मग वाकून माशांकडे बघत म्हणाले, "म्हणजे आम्ही यांना हवा पुरवत होतो आणि वीजवाले यांच्याकडून तालीम करून घेत होते. आठवड्यातून एकदा थोडी तंगी सोसली की हृदय मोठ्या तंगीला तयार होतं. असं तुझं म्हणणं."

"म्हणणं अजून नाही. शंका."

"ठीक. एका गुरुवारावर काही सिद्ध होत नाही. नम्रताला सांग, दोन टाक्या लाव. एकीचा पंप दर गुरुवारी बंद ठेव, दुसरीचा नको. तारा लावणाऱ्याला कुठला मासा कुठल्या टाकीतला ते कळता कामा नये."

"आणि सोमवारचा निबंध?"

"नाही पाठवायचा." ते दाराकडे निघाले होते. "विषय राहू दे. सरही राहू देत."

त्या रात्री आईने चटणी वाढताना विचारलं, "मग, सापडलं?" मी म्हटलं, सापडलं बहुतेक. "कुठे होतं?" मी म्हटलं, घरातच. तिने मला आणखी एक पोळी वाढली.

पुढचे दोन-अडीच महिने नम्रताने दर गुरुवारी एक पंप बंद केला. कंपनीतले लोक तिला विचारायचे, सगळ्या इमारतीत वीज असताना तुम्ही एकट्याच भारनियमन कशाला करता? मासे हाताळायला तिने एका सहकाऱ्याला बसवलं, ज्याला कुठला मासा कुठला हे ठाऊक नव्हतं. शेवटी एका दुपारी तिचा फोन आला.

"गुरुवारवाले नाही अडखळले," ती म्हणाली. "दुसरे अडखळले. आता तरी नीट जेव."

मी फोन ठेवून ऑफिसाबाहेर आले आणि जिन्यातच बसले. रंगरावांनी विचारलं, बरं नाही का वाटत. मी म्हटलं, फार बरं वाटतंय.

निबंध लिहिताना सरांनी पद्धतीच्या परिच्छेदात माझं वाक्य खोडलं. मी लिहिलं होतं, 'आठवड्यातून एकदा'. त्यांनी तिथे 'दर गुरुवारी' घातलं.

"परदेशातल्या लोकांना काय कळणार, सर?"

"न कळलं तर पत्र पाठवून विचारतील. आपण जे केलं ते लिहायचं."

त्याच वर्षी कॉलेजात कॉम्प्युटरचा नवा विभाग निघाला, आणि त्याच्यासाठी आणलेल्या जनरेटरची एक तार आमच्या खोलीपर्यंतही आली. आता गुरुवारी आमचा पंप आपोआप थांबत नाही. म्हणून मी जाते. सकाळी रंगरावांकडून किल्ली घेते, पंपाचं बटण हाताने बंद करते आणि टाकीपाशी स्टूल ओढून बसते. थोड्या वेळाने मासे एकेक करून वर येतात, तोंडं उघडतात, कल्ले संथ होतात. मी त्यांच्याकडे बघत वहीत नोंद करते आणि वाचायचं राहिलेलं वाचत बसते.