मागच्या दाराचा कॅमेरा

माईंनी शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरले आणि वर न बघता म्हटलं, "सावकाश. घाई नाहीये कुणाला."

"मावशींना आहे," सून वरून हळूच म्हणाली. तिच्या ओठांत एक स्क्रू होता, त्यामुळे शब्द चपटे होऊन खाली आले.

मावशी म्हणजे माईंची थोरली बहीण, अक्का. त्या व्हरांड्याच्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. घर त्यांचं, कॅमेरे त्यांचे, आणि ते बसवणारे चिरंजीवही त्यांचेच. त्यामुळे सुनेने कॅमेऱ्याचं झाकण काढलं तेव्हा कुणी आपल्याच अंगातला सदरा उसवतंय अशा चेहऱ्याने त्या बघत होत्या.

"मोडणार नाही ना गं?"

"नाही मावशी. आतला नंबर वाचते फक्त."

माई इथे यायच्याच नव्हत्या. सुनेचा नेहमीचा मदतनीस सकाळी तापाने आडवा झाला, माईंचा मुलगा कामावर निघून गेला होता, आणि सून अंगणात एकटीच शिडी गाडीवर चढवत होती. माई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या, दोन घोट होईपर्यंत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी येते. शिडी धरायला काही पदवी लागत नाही." सुनेने नको म्हणायला तोंड उघडलं, पण माई तोवर गाडीत बसून पट्टाही लावून मोकळ्या झाल्या होत्या.

लग्नात अक्का भर मांडवात म्हणाल्या होत्या, "मुलगी शिडीवर चढते म्हणे." चारजणी हसल्या होत्या. माईंना उत्तर सुचलं नव्हतं. सुचणार तरी कुठून? सून काय काम करते हे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून तिने स्वतःचा धंदा काढला, गाडीवर नाव रंगवलं, घराघरांत अलार्म आणि कॅमेरे बसवते, एवढंच ठाऊक. संध्याकाळी ती हातांना ग्रीस आणि केसांत भिंतीचा चुना घेऊन घरी यायची, यावरून जे काही कळायचं तेवढंच.

अक्कांच्या पलीकडच्या गल्लीत चोरी झाली आणि त्यांनी पक्की व्यवस्था करायचं मनावर घेतलं. दाराखिडक्यांना सेन्सर, भोंगा, आणि चोवीस तास माणूस जागा असलेला नियंत्रण कक्ष. अट एकच: चिरंजीवांनी बसवलेले चार कॅमेरे काढायचे नाहीत, ते नव्यात जोडायचे. दोन कंपन्यांची माणसं येऊन गेली. दोघांनीही सांगितलं की जुनं सगळं उतरवा, नवं घ्या. अक्कांना तो मुलाचा अपमान वाटला. मग त्यांनी बहिणीला फोन केला. "तुझ्या सुनेला पाठव. बघू जमतंय का." त्या शेवटच्या तीन शब्दांमुळे माईंना त्या दिवशी भाकरी गोड लागली नव्हती.

जिन्याखालच्या कपाटात चित्रण साठवणारी पेटी होती. तिला पासवर्ड होता आणि तो एकट्या चिरंजीवांनाच ठाऊक. अक्कांनी फोन लावून आवाज मोठा केला.

"वहिनी, कशाला डोकं फोडून घेताय?" पलीकडून हसू आलं. "चार कॅमेरे चार जातींचे आहेत. एकत्र नांदायचे नाहीत."

"नांदतील, भाऊजी. पासवर्ड तेवढा सांगा."

"तो कुठला आठवतोय आता."

फोन बंद झाल्यावर अक्कांनी माईंकडे पाहिलं. म्हणजे बघ, मुलगा म्हणतोय तेच खरं. सून मात्र जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिने पेटीचं पोट उघडलं, टॉर्च दातांत धरला आणि एक बारीक बटण शोधून काढलं.

"मावशी, हे दाबलं की आधीच्या सेटिंग्ज पुसल्या जातील. साठवलेली चित्रं राहतील. दाबू?"

तिने विचारलं, हे माईंनी मनात टिपलं. दाबून मग सांगणारेही असतात.

"दाब," अक्का म्हणाल्या.

पुढचा तासभर माईंना फारसं कळलं नाही, पण त्या बघत राहिल्या. सुनेच्या मांडीवर लॅपटॉप, शेजारी नव्या व्यवस्थेचं पांढरं पॅनेल. ती कॅमेऱ्यांशी भांडत नव्हती, की त्यांना शिव्याही देत नव्हती. एखादं हट्टी पोर का जेवत नाही ते शोधावं तशी एकेकापाशी जात होती. फाटकावरचा आला. पॅनेलच्या पडद्यावर रस्ता दिसला, रस्त्यावरून सायकल गेली. मग व्हरांड्यातला आला.

"हे दोघं एकच बोली बोलतात," सून म्हणाली. "नवं पॅनेलही तीच बोलतं. बाजूच्या बोळातला जुना आहे, त्याला दुभाषा लागेल. ही पेटीच दुभाष्याचं काम करेल."

"म्हणजे पेटी फेकायची नाही?" अक्कांनी विचारलं.

"कशाला फेकायची? चांगली आहे."

अक्कांच्या हाताची घडी पहिल्यांदा सुटली. बोळातलं चित्रही पडद्यावर आलं, थोडं धुरकट, पण आलं. चौथ्या चौकोनात मात्र नुसता काळोख राहिला.

"तो मागच्या दाराचा," अक्का म्हणाल्या. "तो असाच आहे. दिवसा दिसत नाही, रात्री आपोआप दिसतो, असं मुलगा म्हणाला होता. दिवा लागतो ना त्याचा. झोपायच्या आधी मी खिडकीतून तो लाल दिवा बघते आणि मगच पडते."

सून उठली. शिडी उचलून मागच्या दारी गेली. माई पाठोपाठ गेल्या आणि त्यांनी शिडी धरली. अक्का आत गॅस बंद करायला वळल्या होत्या.

वरच्या लाकडी पट्टीचा खिळा उपटून सुनेने मागे हात घातला आणि दोन तारा बाहेर ओढल्या. एक विजेची, ती नीट जोडलेली होती. म्हणून दिवा लागत होता. दुसरी चित्राची. तिचं टोक कापलेलं, कोरं करकरीत. त्याला जोड कधी बसवलाच नव्हता. कुणीतरी ती वेटोळी करून पट्टीमागे कोंबली होती आणि वरून खिळा ठोकला होता.

सासू-सुनेची नजरानजर झाली.

माईंना सगळं आठवलं. मांडवातलं ते वाक्य. दर भेटीत ऐकलेलं 'आमचा सगळं घरच्या घरी करतो'. आता नुसती हाक मारायची, अक्का, जरा इकडे ये, आणि तारेचं टोक दाखवायचं. शब्दही खर्च करायला नको. त्यांनी तोंड उघडलं.

पण सून खिशातून चिमटा काढून कामाला लागलीसुद्धा होती. तारेचं आवरण तिने सोललं, आतले रंगीत धागे बोटांनी सरळ केले, क्रमाने लावले, जोडात सरकवले आणि चिमटा दाबला. कट्ट. हातातल्या तपासयंत्रावर हिरवे ठिपके एकामागोमाग पेटत गेले. इस्पितळात आयुष्यभर माईंनी शिरेत सुई नेणारे हात पाहिले होते. थरथरणारे, आगाऊ, आणि क्वचित असे. असे हात त्यांनी बरोबर ओळखले.

"काय झालं होतं गं त्याला?" अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

सून शिडीवरून खाली उतरली. वरून बोलली नाही, उतरून समोर उभी राहिली.

"मावशी, या कॅमेऱ्याला वीज मिळत होती, पण चित्र पेटीपर्यंत पोचत नव्हतं. तेव्हा या दाराचं आजवरचं चित्रण तुमच्याकडे नाही. हे तुम्हाला माहीत असायला हवं. आता जोडलंय. आजपासून दिसेल."

"म्हणजे रात्रीसुद्धा...?"

"रात्रीसुद्धा नव्हतं."

अक्कांनी वरच्या लाल दिव्याकडे पाहिलं, मग पट्टीतून उपटलेल्या खिळ्याकडे. त्या काही अडाणी नव्हत्या. त्यांची नजर शेवटी बहिणीवर येऊन थांबली, आणि बहीण आता काय बोलते याची त्या वाट पाहू लागल्या.

माई वॉर्डाच्या मुख्य नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नव्या मुलींना त्या एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: आधीच्या पाळीतलीची चूक रोग्यासमोर उगाळायची नाही, आणि रोग्यापासून लपवायचीही नाही. निम्म्या मुलींना ते शेवटपर्यंत जमलं नाही. काही उगाळत, काही लपवत. हिला तर त्यांनी कधी काही शिकवलंच नव्हतं.

"आता पुढे काय?" माईंनी सुनेला विचारलं. "माझ्यासाठी काही काम आहे का, की नुसती शिडीच धरू?"

"आहे ना. तुम्हाला चोर व्हायचंय."

नवे सेन्सर तपासायला कुणीतरी घरात चोरासारखं शिरावं लागतं, हे माईंना तेव्हा कळलं. त्या बागेच्या कोपऱ्यात गेल्या आणि तिथून मागच्या दाराकडे निघाल्या. दार उघडलं, स्वयंपाकघर ओलांडलं, बैठकीत आल्या. सून पॅनेलकडे बघत उभी होती. भिंतीवरचा सेन्सर गप्प होता.

"आई, तुम्ही आत कधी आलात?"

"आत्ताच की."

"चालता की तरंगता?"

रात्रपाळीत रोग्याची झोप मोडू नये म्हणून जन्मभर पावलं जपून टाकलेली. सवय ती जाते कुठे. अक्का खुर्चीत बसून हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

"हिची लहानपणापासूनची खोड. डब्यातली साखर कोण खातं, ते आईला कधी कळलंच नाही."

"माझ्यासारखा चोर आला म्हणजे?" माईंनी विचारलं.

"म्हणून तर तुम्हाला चालवलं." सुनेने सेन्सर हातभर बाजूला घेतला, त्याचं तोंड तिरकं केलं, पॅनेलवर काही बदललं. "परत या. आणखी हळू."

माई परत आल्या, आणखी हळू, आणि उंबऱ्यावर पाऊल पडताच भोंगा असा काही कडाडला की कुंपणावरचं मांजर बोळात पडलं. ते बोळातल्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसलं.

मिनिटभरात पॅनेलमधून एका माणसाचा आवाज आला. नियंत्रण कक्षातून बोलतोय, मागचं दार उघडल्याचा इशारा मिळाला, सोबत चित्रही आलंय, चित्रात एक वयस्क बाई दिसताहेत, सगळं ठीक आहे ना?

"वयस्क म्हणे," माई पुटपुटल्या.

सुनेने चाचणी असल्याचं सांगितलं. अक्का मात्र पडद्याजवळ सरकल्या होत्या. चौथ्या चौकोनात त्यांचं मागचं दार होतं, पायरी होती, पायरीवर विसरलेली बादली होती. त्यांनी बोटाने बादलीवर हलकेच टिचकी मारली.

"बाई, तुमचा फोन लागला नाही तर दुसरा नंबर कुणाचा लिहू?" आवाजाने विचारलं.

अक्का पडद्यापासून वळल्या. मग सुनेला म्हणाल्या, "तुझा नंबर सांग त्यांना."

सुनेने सांगितला.

"नातं?"

"सून," अक्का म्हणाल्या.

"तुमची?"

"आमची," अक्का म्हणाल्या आणि बादली उचलायला मागच्या दारी निघून गेल्या.

परतताना माई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मागे शिडी पट्ट्यात हलकेच खडखडत होती. सुनेने एकदोनदा त्यांच्याकडे पाहिलं.

"दमलात का?"

"छे."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा फोन वाजला. मदतनीस होता. ताप उतरला होता, उद्या येतो म्हणत होता.

"उद्याचा दिवस आणखी पड," सून म्हणाली. "अंगात ताकद येऊ दे. उद्याचं काम होईल." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही रे, एकटी कशाला? आम्ही दोघी आहोत."

दिवा हिरवा झाला. माईंनी मांडीवरची पिशवी नीट केली, कारण नसताना तिचा बंद सोडला, पुन्हा बांधला.

"पुढच्या चौकात बुटांचं दुकान आहे," त्या म्हणाल्या. "तिथे घे गाडी जरा. शिडीपाशी चपला बऱ्या नव्हेत."