कुंपण होण्याआधी

नर्सबाईंनी गल्लीतलं दार अन् दार ठोठावलं होतं. इमारतींच्या मागे पडून असलेल्या जागेला कुंपण घालून ती कुत्र्यांना खेळायला द्यावी, एवढंच त्यांचं मागणं. नगरपालिका तयार होती, पण आधी शेजाऱ्यांचा होकार हवा होता.

"माणसांना पाय पसरायला जागा नाही, आणि कुत्र्यांचे कसले लाड?" लोक विचारायचे.

"लाड नाहीत हो. ती आत असली की तुमची पोरं बाहेर बिनघोर." हे सांगून सांगून बाईंच्या घशाला कोरड पडली.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला मात्र काही ऐकूनच घेईना. त्याच्या लेकीचा गाल एका मोकाट कुत्र्याने फाडला होता. टाके निघाले, वण राहिला. तेव्हापासून कुत्रं दिसलं की त्याचं डोकं फिरायचं.

रविवारी सकाळी यावर बोलायला त्याच जागेवर सगळे जमले. बाईंचा थोरला भाऊ, वेल्डर, बाईंच्या म्हाताऱ्या, गोलमटोल कुत्र्याला, भोपळ्याला, पट्ट्याने धरून उभा होता. गॅरेजवाला लेकीला घेऊन आला. दुसऱ्या हातात चाकं खोलायचा लांब पाना होता.

"बोला की," तो म्हणाला. "हिच्या तोंडाकडे बघून बोला."

बाई काही बोलणार, तोच भोपळ्याने हिसका दिला. पट्टा सुटला. शेपूट हलवत तो थेट पोरीपाशी गेला आणि तिचा हात हुंगू लागला. पोरीने किंकाळी फोडली.

पाना खाली आला. पहिल्या घावाला भोपळ्याची कंबर मोडली. तो ओरडत पुढच्या पायांवर फरफटत निघाला. दुसरा घाव डोक्यात बसला आणि ओरडणं थांबलं.

मग वेल्डर धावला. त्याने गॅरेजवाल्याच्या हातातून पाना हिसकावला आणि त्याच हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. गॅरेजवाला गुडघ्यांवर आला. तेवढ्यात बाकीचे तुटून पडले. कालपर्यंत बाईंच्या तोंडावर दार लावणारा गृहस्थही लाथा घालत होता. गॅरेजवाल्याच्या नाकातोंडातून रक्त वाहत होतं, आणि लेक "बाबा, बाबा" करत कुणाकुणाचे शर्ट ओढत होती.

बाईंनी भोपळ्याकडे एकदाच पाहिलं आणि गर्दीत मुसंडी मारली. त्या गॅरेजवाल्यावर आडव्या पडल्या. एक लाथ त्यांच्या बरगडीत बसली, श्वासच अडकला.

"दादा, टाक तो पाना! नाहीतर आधी मला मार!"

"अगं, त्याने आपला भोपळ्या..."

"टाक म्हणते ना!"

वेल्डरने पाना टाकला. गर्दी मागे सरली. बाईंनी ओढणी फाडली, शेजारी पडलेली फळी घेतली आणि त्याचा मोडलेला हात बांधायला घेतला. बांधताना त्या रडत होत्या, पण गाठ पक्की बसली. गॅरेजवाला दात आवळून कण्हत होता. त्याच्याकडे न बघता त्या एवढंच म्हणाल्या, "हलू नका."

पोलिसांनी वेल्डरला नेलं.

दुसऱ्या दिवसापासून दारं आपसूक उघडू लागली. "आता कुंपण होऊ द्याच, बाई. त्या गॅरेजवाल्याची चांगली जिरवू."

"मला कुणाची जिरवायची नाही," म्हणून त्या प्रत्येक दारातून परत फिरल्या. बरगडी धरून त्या गॅरेजवाल्याच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन तो बसला होता.

"ते कुत्रं म्हातारं होतं," तो म्हणाला. "चावणारं नव्हतं. मला दिसत होतं तेव्हाच."

बाई उठल्या. त्यांना तिथे बसवेना. त्या दारापर्यंत गेल्यावर तो मागून म्हणाला, "कुंपण उंच करा. माझ्या खांद्याएवढं तरी. मग माझी ना नाही."

वेल्डर जामिनावर सुटला आणि त्यानेच कुंपण जोडलं. गॅरेजवाला रोज येऊन एका हाताने जाळी हलवून बघायचा. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत, अजूनही बोलत नाहीत.

जागा सुरू झाली तेव्हा बाई गेल्या, पण आत त्यांचं कुणी नव्हतं. गॅरेजवाल्याची लेक बापाला घट्ट धरून बाहेर उभी होती. बाई तिच्यापासून थोडं अंतर ठेवून उभ्या राहिल्या. आत कुत्री धावत होती. पोर बघत राहिली, आणि बाईही.