गावदेवीच्या वाटेवरची हाक

मी एक जुनी पायवाट आहे. भिवंडी तालुक्यात दिघाशीच्या पलीकडे जो डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याच्या पाड्यापासून मी निघते, रानातून चढत जाते आणि वरच्या जुन्या गावठाणात पोचून थांबते. मला कोणी आखले नाही, माझ्यावर कधी खडी पडली नाही. माणसांच्या आणि गुरांच्या पावलांनीच मला घडवले.

मित्रांनो, वर एके काळी नांदते गाव होते. दगडी टाके, झाडीत बुडालेली घरांची जोती, झिजलेला एक वीरगळ आणि उघड्यावर बसलेली शेंदरी गावदेवी, एवढे आजही तिथे आहे. पाणी आटले तसे गाव खाली उतरले, पण माझा राबता काही तुटला नाही. गुरे चढत, लाकडाच्या मोळ्या उतरत, नवी नवरी देवीच्या पाया पडायला येई. म्हातारी माणसे म्हणत, डोळे मिटून चाललो तरी ही वाट घरी पोचवते. ते ऐकून मला भरून येई.

मग घरोघरी गॅस आला. गुरे विकली गेली. तरणी पोरे राहनाळच्या गोदामांत कामाला लागली. माझ्यावर गवत चढू लागले. रविवारी तेवढे शहरातले डोंगरभटके येत. माणसे चांगली, देवीपुढे वाकतही. पण आंब्याजवळच्या माझ्या वळणाला फेरा पडतो म्हणून ते वळण सोडून सरळ खाली उतरत. त्यांच्या त्या आडवाटेने पावसाचे पाणी धावू लागले आणि माझ्या काठाखालची माती खालच्या घळीत वाहून गेली. वरून हिरवेगार गवत, खाली पोकळ. मला ते कळत होते, पण सांगायला तोंड कुठून आणू?

पाड्यावरच्या सखीआजीचा एक नेम होता. नवा भात घरात आला की त्यातल्या मूठभर तांदळाची खीर देवीला द्यायची, दिवा लावायचा आणि मगच तोंडात घास घालायचा. लग्न होऊन आल्यापासून तिने तो मोडला नव्हता. पूर्वी तिच्यामागे अख्खा पाडा असे. गेल्या मार्गशीर्षात मात्र तिची नात पूर्वा तेवढी आली, तीही गोदामातून एका दिवसाची रजा मागून. घरच्यांनी आजीला परोपरीने सांगितले की या वयात नको, खालूनच हात जोड. आजी म्हणाली, देवीने कधी खालून पाऊस पाडला का?

दोघी चढू लागल्या. पूर्वाला धाप लागली तशी आजी हसली.

“गोडावनात फरशीवर चालून पाय मऊ झाले तुजे.”

“हसू नको आजे. तिथं सुपरवायझरनी हाक मारली का पयल्याच हाकेला धावते मी. न्हायतर हजेरी कापतो.”

“तिथं धाव बाय. रानात पयल्या हाकेला ओ देऊ नको. रानातलं कायबाय एकदाच हाक मारतं. आपला माणूस असंल, तर दुसऱ्यांदा मारंल.”

हे पूर्वाने लहानपणापासून ऐकले होते. पाड्यावरची सगळीच माणसे हे पाळतात.

वळणाशी आल्यावर आजी दम खायला आंब्याखाली बसली. ऊन कलायच्या आत दिवा लागला पाहिजे, म्हणून पुढचे गवत कोयत्याने कापत जा, मी मागून येते, असे तिने सांगितले. पूर्वा झाडीआड गेली. थोड्या वेळाने आजी उठली. खिरीचा डबा सांभाळत तिने नेहमीच्या जागी, माझ्या काठावर पाऊल टाकले. त्या जागेवर तिचा जन्माचा विश्वास होता.

मी तिला धरू शकले नाही.

घळीत पडता पडता तिने एकच हाक मारली. पूर्वा जागीच उभी राहिली. कोयता हातात, ओठ घट्ट मिटलेले. तिला आवाज ओळखू आला होता, म्हणूनच ती जास्त घाबरली. रान ओळखीच्याच आवाजात बोलावते, असे म्हणतात ना. ती दुसऱ्या हाकेसाठी थांबली. पाखरू ओरडले, पाने हलली. हाक काही आली नाही. अखेर तिला राहवले नाही. ती धावत मागे आली आणि घळीत उतरली.

आजीच्या छातीला मार लागला होता. दुसऱ्या हाकेपुरता श्वास तिच्यात उरला नव्हता.

“आयकली न्हाय का गं?” तिने हळूच विचारले.

“आयकली, आजे. दुसरीसाठी थांबले.”

आजीने नातीच्या गालावरून हात फिरवला. “मंग बरोबर केलंस तू. मीच शिकवलेलं.”

पूर्वाने तिला पाठीवर घेतले. त्या दोघींचे ओझे मी पायथ्यापर्यंत वाहिले. पाड्याचा रस्ता दिसू लागला आणि पूर्वाच्या खांद्यावरचे आजीचे हात सैल पडले. त्या वर्षी देवीपुढे दिवा लागला नाही.

पुष्कळ दिवस पूर्वा फिरकली नाही. मग एका सकाळी फावडे घेऊन एकटीच आली. तिने आडवाटेवर काटे टाकले, माझ्या काठाखाली दगड रचून माती भरली आणि ती पायाने चोपली. काम झाल्यावर घळीच्या तोंडाशी उभी राहून ती म्हणाली, “ओ, आजे. आले.” ऐकायला मीच होते. पाठीमागे न बघता ती वर गेली.

मित्रांनो, रानात याल तेव्हा वळणे तोडू नका. आम्ही वाटा उगीच वळत नाही, त्या जागी कोणाचे तरी पाऊल जपलेले असते. आणि तुमच्या गावची एखादी जुनी वाट गवतात बुडत असेल, तर वर्षातून एकदा तरी तिच्यावरून चालून या. तुम्ही आला नाहीत तर कुठे खचले आहे, हे आम्ही सांगणार तरी कोणाला?