सरांनी दाखवलेला मंगळ

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, आधीच सांगते, मी रागावलेली आहे.

मला विज्ञानाच्या एका सरांनी घरीच बनवले. माझा आरसा त्यांनी स्वतः घासला. बोटांची सालटी निघाली, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नळी पत्र्याची आणि पाय मोडक्या स्टुलाचे, त्यामुळे दिसायला मी यथातथाच. तरी सर सगळ्यांना सांगत, "बाजारातल्या दुर्बिणीला हिची सर नाही यायची." मी हुरळून जाई. संध्याकाळी गच्चीवर मुलांची रांग लागे.

वरच्या मजल्यावरची ठमी एकदा त्या रांगेत रडवेली होऊन उभी राहिली. तिच्या पत्रिकेत मंगळ आहे आणि अशा मुलीचा नवरा जगत नाही, असे आत्याने तिला सांगितले होते.

सरांनी मला मंगळाकडे वळवले.

"बघ, आहे काय त्यात? तांबडा ठिपका. अगं, पत्रिकेत घरं बारा. त्यातल्या ठरावीक पाचांपैकी एकात हा बसला, की झाली मुलगी मंगळाची. असं धरलं तर निम्म्या वर्गाला मंगळ निघेल."

"मुलांनाही असतो?"

"असतो की. त्यांना फारसं कुणी विचारत नाही, इतकंच."

ठमी खुदकन हसली. त्यानंतर ती रोज येऊ लागली.

ती मोठी झाली आणि तिचे सरांच्याच मुलाशी जमले. मला वाटले, या घरात तिला कसली अडचण?

लग्नाचे विचारायला ती आली, तेव्हा मी बैठकीच्या कोपऱ्यात होते. सर चष्मा पुसत म्हणाले, "माझा नाही गं विश्वास. पण एकुलता एक मुलगा आहे. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

मुलगा खाली मान घालून बसला होता.

ठमी म्हणाली, "सर, माझी भीती तुम्हीच घालवलीत. मग ती तुमच्याकडे कशी आली?"

ती निघून गेली.

मला फार लागले. ज्याने घडवले त्यानेच मला तोंडघशी पाडले. सर अजूनही मला गच्चीवर नेतात, नव्या मुलांना मंगळ दाखवतात आणि तेच सांगतात. मुले हसतात.

मित्रांनो, दुर्बीण मिळाली तर जपा. आरशाला बोट लावू नका, ओलीत ठेवू नका. आणि कुणाला धीर दिलात, तर गोष्ट आपल्या घरावर आली म्हणून तो काढून घेऊ नका. ठमी आता गच्चीवर येत नाही. मी तिला दाखवले ते खरेच होते, एवढे तिला कुणीतरी सांगा.