आवाज न करता

बाहेर दार धाडकन आपटलं, तेव्हा आई कपाटात बसून हरवलेल्या अस्वलाच्या पिल्लाची गोष्ट वाचत होती. ती क्षणभर थांबली. पुढे काही ऐकू आलं नाही. वाऱ्याने आपटलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली, मघाचं वाक्य पुन्हा घेतलं आणि पिल्लाला त्याच्या घरी पोचवूनच थांबली.

कपाट म्हणजे झोपायच्या खोलीतलं कपड्यांचंच कपाट. कपडे पलंगाखालच्या खोक्यांत गेले होते आणि आत सगळीकडून जाड रजया ठोकल्या होत्या. त्यात एक मायक्रोफोन, एक स्टूल आणि घामाघूम झालेली ती. लोकांची मुलं जिच्या रेकॉर्ड केलेल्या गोष्टी ऐकत झोपायची, ती बाई इथे बसायची. आवाज गोड होता, कामही बरं चाललं होतं. फक्त त्या वेळात घरात टाचणी पडली तरी केलेल्या कामावर पाणी.

मुलीला घरी शिकवायचं ठरलं तेही आवाजावरूनच. पोरगी बोलायला लागली ती थांबलीच नाही. बाबांनी तिचं नावच टकळी ठेवलं होतं. शाळेला ते सोसेना. बाईंनी तिला रोज भिंतीकडे तोंड करून एकटीला बसवलं, हे कळल्यावर आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पोरीचं तोंड बंद करणारी शाळा मला नको, असं मुख्याध्यापकांना ठणकावून ती मुलीला घरी घेऊन आली. त्या दिवशी तिला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

सुरुवातीला दोघींची चंगळ होती. भाजी चिरता चिरता अपूर्णांक व्हायचे, कपडे वाळत घालता घालता कविता. दुपारी मात्र आई कपाटात आणि टकळी बाहेर गणितं सोडवत. आधी ती सारखी दार वाजवायची, शंका विचारायची, उगाचच हाका मारायची. आईने समजावलं, रागावून पाहिलं, एकदा तर अक्षरशः हात जोडले. मग हळूहळू पोरीला जमायला लागलं. गुणाची आहे हो, असं आई हल्ली फोनवर सगळ्यांना सांगायची.

हेडफोन काढून ती बाहेर आली. टकळी स्वयंपाकघरात उभी होती, डावा हात पाण्याच्या पातेल्यात. पाणी लाल झालं होतं. बाल्कनीच्या दारात बोट सापडून नख मुळापासून उचकटलं होतं. गाल ओले होते, ओठ मात्र घट्ट मिटलेले.

“अगं, हाक का नाही मारलीस?”

“तुझं वाचन चाललं होतं ना.”

दार आपटलेलं आपण ऐकलं होतं, हे काही आईच्या तोंडून निघालं नाही. स्वच्छ फडक्यात हात गुंडाळून तिने कोपऱ्यावरचा दवाखाना गाठला.

नख काढावंच लागेल, डॉक्टर म्हणाले. बधिर करायची सुई बोटात शिरली तरी टकळीने हूं की चूं केलं नाही. खुर्चीचा हात धरून ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. इथे भलीभली माणसं दवाखाना डोक्यावर घेतात, असं डॉक्टरांनी पट्टी बांधताना हसत हसत सांगितलं. त्यांना खरंच कौतुक वाटत होतं.

“कुठल्या शाळेत जाते? चांगलं शिकवलंय.”

“घरीच असते,” आई म्हणाली. “मीच शिकवते.”

आणि बोलता बोलताच तिला रडू फुटलं. इतकी वर्षं आवाजावर ताबा ठेवून जगलेल्या त्या बाईला तो आवरेचना. ती हुंदके देऊन, अगदी गळा काढून रडायला लागली. डॉक्टर गोंधळून पाणी आणायला उठले.

टकळी खुर्चीतून खाली उतरली. पट्टीचा हात छातीशी धरून तिने दुसऱ्या हाताचा तळवा आईच्या तोंडावर अलगद ठेवला.

“हळू, आई,” ती कुजबुजली. “बाहेर ऐकू जातंय.”