नऊ फोटो आणि माझ्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक कॉम्प्युटर आहे. भोपाळच्या एका मोठ्या कारखान्याच्या वसाहतीत, पिंपळापुऱ्यांच्या क्वार्टरमध्ये, खिडकीशेजारच्या टेबलावर मी सात वर्षे बसलो आहे. आमच्यासारख्यांना सात वर्षे म्हणजे म्हातारपणच. तरी आज मी थकून नव्हे, रागावून बोलतो आहे. मी न केलेल्या एका गोष्टीसाठी मला भंगारात काढायला निघाले होते. आणि ज्याने ती केली, त्याला नवा कॉम्प्युटर मिळणार होता.

माझा जन्म अशोका गार्डनमधल्या नारायणकाकांच्या दुकानात झाला. त्यांनी एकेक भाग निवडून मला जोडले आणि हेमंतरावांच्या स्वाधीन केले. हेमंतराव कारखान्यात इंजिनिअर. घरात त्यांची पत्नी प्रमिलाताई, मुलगी कमलिनी आणि धाकटा उदय. कमलिनीला आजीचे नाव ठेवलेले आहे. ती बी.एस्सी.ला आहे आणि उदय इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. सुरुवातीला माझ्यावर कापडी झाकण असायचे. रोज कोणीतरी माझी धूळ झटकायचे. नंतर झाकण शिवणयंत्रावर गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कमलिनी मुंग्यांचा अभ्यास करते. वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स उलटी लावून ती मुंग्यांचे फोटो काढते. इतक्या जवळून फोटो काढला की केसाएवढा पातळ थरच स्पष्ट येतो, बाकी सगळे धूसर. म्हणून ती कॅमेरा कणाकणाने पुढे सरकवते आणि एकाच मुंगीचे चाळीस फोटो घेते. चाळिसांतले स्पष्ट थर एकत्र जोडले की पायावरचा केसन् केस दिसणारे एक चित्र तयार होते. या जोडणीसाठी तिला चांगले सॉफ्टवेअर हवे होते. हेमंतराव म्हणाले होते, "फुकटातलं आहे ना, त्यावर भागव." त्याच महिन्यात उदयला दोन गेम मिळाले होते.

ते सॉफ्टवेअर तिला सापडले तेही उदयच्या गप्पांतूनच. रोज संध्याकाळी तो माझ्यावरून मित्रांशी बोलत बसतो. मोहन अयोध्या नगरचा, श्रीकांत कोटरा सुल्तानाबादचा. त्या दिवशी हेडफोन बिघडल्यामुळे त्यांचे आवाज खोलीभर ऐकू येत होते.

"भाई, सेल लगी है. साठ परसेंट ऑफ," मोहन म्हणाला.

"पिछली सेल का गेम तूने खोला भी नहीं," श्रीकांत म्हणाला.

"खरीदना अलग शौक है, खेलना अलग."

उदय यादी वाचत होता. "इसमें तो फोटो एडिटिंग का सॉफ्टवेअर भी है. एक ही बार पैसा, हर महीने का झंझट नहीं. गेम से भी सस्ता. कौन लेगा?"

"जिसकी शादी के फोटो खराब आए हों," श्रीकांत म्हणाला, आणि तिघेही हसले.

मागे मेथी निवडत बसलेली कमलिनी म्हणाली, "त्यात बरेच फोटो एकावर एक जोडता येतात का, ते वाच."

"ताई, आमचं गेमचं चाललंय."

"वाच."

जोडता येत होते. कमलिनीने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून ते विकत घेतले.

पुण्याच्या एका संस्थेत उन्हाळ्यात दोन महिने काम शिकायला मिळणार होते. जागा एकच होती. बारा मुंग्यांची चित्रे आणि त्यांचे सगळे मूळ फोटो शनिवारी दुपारपर्यंत पाठवायचे होते. अकरा चित्रे जोडून झाली होती. बारावी होती पंख असलेली राणी. या राण्या वर्षातून एखाद-दोन दिवसच बिळाबाहेर येतात. कमलिनीला व्हरांड्यातल्या दिव्याखाली एक मेलेली सापडली होती. फोटो काढून झाले आणि दुसऱ्याच दिवशी बाकीच्या मुंग्यांनी ती ओढून नेली. कॅमेऱ्याचे कार्ड तर तिने केव्हाच रिकामे केले होते. म्हणजे ती राणी आता फक्त माझ्यातच होती.

गुरुवारी दुपारी कमलिनी कॉलेजात असताना उदयने नवा गेम विकत घेतला. गेम मोठा होता आणि माझ्यात जागा कमी होती. त्याने कमलिनीचा फोल्डर उघडला.

"ये देख," तो मोहनला म्हणाला, "एक ही चींटी, चालीस बार. वो भी धुंधली."

"उडा दे. जो अच्छी हो, एक रख ले."

उदयने तसेच केले. प्रत्येक मुंगीचा एकेक फोटो ठेवला आणि चारशे अडुसष्ट फोटो पुसले. कचरापेटीही रिकामी केली. आपण बहिणीचा पसारा आवरला, असेच त्याला वाटत होते. तिला एक फोन करावा, हे त्याला सुचले नाही.

मित्रांनो, पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. मी फक्त ती जागा रिकामी म्हणून नोंदतो. तिथे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत फोटो तिथेच असतो. पण गेम उतरू लागला होता, आणि मला थांबता येत नव्हते.

साडेपाचला कमलिनी आली. फोल्डर पाहून तिने फक्त विचारले, "उदय, माझे फोटो?"

"मी काही नाही केलं. आपोआप उडाले असतील. हा डबा आता जुना झालाय."

हेमंतराव चहा पीत होते. "सात वर्षं झाली याला. भंगारात देऊन टाकू. नाहीतरी उदयला नवा लागणारच आहे."

"मुंग्याच ना?" प्रमिलाताई म्हणाल्या. "ओट्यावर ये, हव्या तेवढ्या दाखवते."

मी जुना आहे. पण त्या दुपारी मी सांगितलेलेच काम केले होते, एका अक्षराचीही चूक न करता. आणि त्या क्षणी माझ्याच आत राणीचा पंख पुसला जात होता.

कमलिनी भांडली नाही. तिने माझ्यातल्या वेळा पाहिल्या. "चार वाजून नऊ मिनिटांनी फोटो गेले," ती म्हणाली. "चार बाराला गेम उतरायला लागला." आणि तिने सरळ माझा प्लग उपटला.

"ताई, डाउनलोड चालू होतं!"

"माहीत आहे. माझ्या फोटोंवरच चालू होतं."

ती मला रिक्षात घालून नारायणकाकांकडे घेऊन गेली. त्यांनी शुक्रवारचा सगळा दिवस खर्च केला. चारशे एकोणसाठ फोटो परत मिळाले. नऊ गेले, ते नऊही राणीचे. जोडलेल्या चित्रात पंखाच्या मधोमध धुक्यासारखा पट्टा राहिला.

शनिवारी सकाळी सगळे माझ्यासमोर उभे होते. उदय हळूच म्हणाला, "ताई, शेजारचा भाग उचलून तिथे लाव ना. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये जमतं ते."

"पंखाच्या शिरांवरून प्रजाती ओळखतात. त्या मी मनाने काढू?"

"मग लिही, कॉम्प्युटर बिघडला," हेमंतराव म्हणाले. "घरातलं बाहेर कशाला?"

कमलिनी खुर्चीवरून उठली. "उदय, बस. मी सांगते ते टाइप कर."

त्याने टाइप केले: राणीच्या पंखाचे नऊ फोटो माझा भाऊ उदय याने न विचारता पुसले. कॉम्प्युटरमध्ये कोणताही बिघाड नव्हता. दुसऱ्या वाक्याला त्याला बराच वेळ लागला. अर्ज गेला.

ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. संस्थेने कळवले की शिरा पूर्ण दिसत नसल्यामुळे राणीची ओळख नक्की करता आली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा. भंगाराचा विषय घरात परत निघाला नाही. उदयने तो गेम पुन्हा उतरवला, दोन संध्याकाळी खेळला, आणि आता पुढच्या सेलची वाट बघतो आहे.

मित्रांनो, माझी धूळ झटकली नाही तरी चालेल. पण दुसऱ्याचे काम तुम्हाला कळले नाही, तर ते कचरा आहे असे ठरवू नका. आधी विचारा. आणि तुमच्या हाताने झालेली चूक न बोलणाऱ्याच्या माथी मारू नका.

राण्या आता पुढच्या वर्षी बाहेर येतील. तोपर्यंत कमलिनीला थांबावे लागेल. उदयला जागा हवी होती ती दोन संध्याकाळींसाठी. त्याने घेतले ते तिचे एक वर्ष.